न मोजलेले तास : मिकी वातानाबे, वातामी आणि जपानमधील श्रमाचा वाद

८ डिसेंबर २०१५ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयात एका दाव्यात तडजोड झाली. सव्वीस वर्षांची मुलगी गमावलेल्या आई-वडिलांना वातामी ही उपाहारगृहांची कंपनी, तिचे संस्थापक मिकी वातानाबे आणि इतर प्रतिवादी मिळून सुमारे १३ कोटी ३६ लाख येन देणार होते; शिवाय आपली जबाबदारी मान्य करून माफी मागणार होते. जपानमधील अशा दाव्यांत सहसा एवढी भरपाई मिळत नाही, त्यामुळे रकमेची चर्चा होणे साहजिक होते. परंतु त्या तडजोडीतील अधिक बोलका भाग रकमेच्या पुढे आहे. कामाचे तास अचूक नोंदवले जावेत, कंपनीच्या प्रशिक्षणात आणि कंपनीसाठी अहवाल लिहिण्यात गेलेला वेळ हा कामाचाच वेळ मानला जावा, असे तिथे ठरले. वरकरणी ही गोष्ट इतकी उघड आहे, की ती लिहून घ्यावी लागली याचेच नवल वाटावे. ज्यांच्याकडून ती लिहून घेतली गेली ते वातानाबे त्या वेळी जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे सांगीइनचे, सदस्य होते.

एखादा तास कामाचा आहे की नाही हे कोणी आणि कसे ठरवायचे, हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. वातानाबे यांच्यावरची टीका पुष्कळदा ‘क्रूर मालक’ या एका शब्दात आटोपली जाते, पण त्या शब्दाने फारसे काही उलगडत नाही. क्रूर मालक सर्वत्र असतात. हा माणूस मात्र कित्येक वर्षे जपानमधील तरुणांचा आदर्श होता, आणि ज्या विचारांमुळे तो आदर्श ठरला त्याच विचारांपाशी हा वाद येऊन थांबतो.

मिकी वातानाबे यांचा जन्म १९५९ सालचा, योकोहामाचा. प्राथमिक शाळेत असतानाच त्यांची आई वारली आणि पाठोपाठ वडिलांची कंपनी बंद पडली. आपणही एक दिवस कंपनी काढायची हे त्यांनी तेव्हाच ठरवले होते, असे ते सांगत आले आहेत. मेइजी विद्यापीठातून पदवी घेतल्यावर भांडवल जमवण्यासाठी ते सागावा या माल पोहोचवणाऱ्या कंपनीत चालक म्हणून लागले; तिथले काम अंग मोडून टाकणारे, पण पगार चांगला. वर्षभरात ३० लाख येन बाजूला पडले. १९८४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी स्थापली आणि सुरुवातीला ‘त्सुबोहाची’ या उपाहारगृहांच्या साखळीचा परवाना घेऊन दुकान चालवले. १९९२ मध्ये ‘वातामी’ या नावाचे पहिले उपाहारगृह टोकियोत उघडले आणि २००० मध्ये कंपनीचे समभाग टोकियो शेअर बाजाराच्या पहिल्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या, विभागात पोहोचले. पुढे सेंद्रिय शेती, वृद्धांसाठी शुश्रूषागृहे, घरपोच जेवणाचे डबे असा पसारा वाढत गेला. टोकियोतील एका जुन्या शाळेचा कारभार त्यांनी हाती घेतला. कंबोडिया, नेपाळ, बांगलादेश येथील मुलांच्या शिक्षणासाठी संस्थाही काढली. ‘स्वप्नाला तारीख द्या’ हा त्यांचा आवडता उपदेश. एका कादंबरीकाराने तर त्यांना नायक करून कादंबरी लिहिली.

या यशाचे मूळ असलेला धंदा नीट समजून घेतला पाहिजे. इझाकाया म्हणजे संध्याकाळी उघडणारे, मद्याबरोबर लहान लहान पदार्थ देणारे स्वस्त उपाहारगृह. कार्यालय सुटल्यावर सहकाऱ्यांनी जमण्याची ही जागा पहाटेपर्यंत चालू असते. दर कमी, स्पर्धा तीव्र, जागेचे भाडे जबर. मासळी, भाजी आणि भाडे यांत फारशी काटकसर करता येत नाही. हाताशी राहतो तो मजुरीचा खर्च. म्हणून दुकानात कायमस्वरूपी कर्मचारी अगदी मोजके ठेवले जातात आणि बाकी सारे काम तासावर येणारी मुले-मुली, बहुधा विद्यार्थी, करतात. गिऱ्हाईक कमी असेल त्या रात्री तासावरच्या मुलांना लवकर घरी पाठवता येते. गर्दी वाढली, कोणी परीक्षेमुळे आले नाही, कोणी काम सोडले, तर ती पोकळी भरायला उरतो कायमस्वरूपी कर्मचारी. त्याचा पगार महिन्याचा असल्यामुळे, आणि त्याचे जादा तास प्रत्यक्षात नोंदले जातीलच असे नसल्यामुळे, दुकानाच्या हिशेबात तो तास जवळजवळ फुकट पडतो. असा फुकट तास उपलब्ध असताना व्यवस्थापकाने तो वापरू नये, अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

कायदा याला अडवत नव्हता का? अडवत होता, आणि वाटही देत होता. जपानच्या १९४७ च्या श्रममानक कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा घातली आहे. त्याच कायद्याच्या छत्तिसाव्या कलमानुसार मालकाने कर्मचाऱ्यांच्या बहुमताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संघटनेशी, आणि संघटना नसल्यास बहुमताने निवडलेल्या एका प्रतिनिधीशी, लेखी करार करून तो श्रम कार्यालयात दाखल केला, तर या मर्यादेपलीकडे काम करवून घेता येते. क्रमांकावरून या कराराला तिथे ‘साबुरोकु’, म्हणजे ‘तीन-सहा’, म्हणतात. महिन्याला ४५ तासांपर्यंत जादा काम असावे असा सरकारी निकष होता खरा. पण करारात ‘विशेष कलम’ घातले की वर्षातले सहा महिने तो ओलांडता येई आणि किती ओलांडावा याला कायद्यात कमाल मर्यादाच नव्हती. जादा कामाचा दरही फारसा जाचक नव्हता. भारताच्या कारखाना कायद्यात जादा तासाला दुप्पट मोबदला सांगितला होता. जपानमध्ये तो किमान सव्वापट. नवा माणूस नेमून त्याचा विमा, निवास, प्रशिक्षण यांचा खर्च उचलण्यापेक्षा आहे त्यालाच अधिक राबवणे मालकाला परवडावे, असा हा हिशेब होता.

या चौकटीतली सर्वांत नाजूक कडी म्हणजे तो ‘निवडलेला प्रतिनिधी’. वातामीत तेव्हा कामगार संघटना नव्हती. दुकानातील तासावर काम करणाऱ्यांपैकी एखाद्याचे नाव दुकानाचा व्यवस्थापकच सुचवतो आणि त्याची सही करारावर घेतो, अशी पद्धत कंपनीत असल्याचे २०१२ मध्ये टोकियोतील वर्तमानपत्राने उघड केले. कायद्याने ज्याला मालकाशी घासाघीस करायला उभे केले, तो मालकानेच निवडलेला एखादा विद्यार्थी निघावा, हे वाचून हसू येण्याआधी लक्षात घ्यायला हवे, की संघटना नसलेल्या छोट्या कामाच्या जागी हा प्रकार काही एकट्या वातामीपुरता नव्हता.

आता त्या मुलीकडे वळू. एप्रिल २००८ मध्ये ती वातामीत रुजू झाली आणि टोकियोच्या दक्षिणेकडील कानागावा प्रांतात, योकोसुका शहरातील एका दुकानात तिची नेमणूक झाली. जपानमध्ये पदवीधरांची भरती एकाच वेळी, एप्रिलमध्ये होते. पहिलीच नोकरी काही आठवड्यांत सोडणाऱ्याच्या नावावर कायमचा डाग लागतो अशी समजूत आजही आहे. दुकान पहाटेपर्यंत चाले. जपानमध्ये रात्री रेल्वे बंद असते, त्यामुळे दुकान बंद झाल्यावरही पहिल्या गाडीची वाट पाहणे आले. हा वेळ अर्थातच कोणाच्या नोंदवहीत नाही. सुटीच्या दिवशी सकाळी प्रशिक्षणवर्ग, कधी समाजसेवेचे उपक्रम, आणि त्यावर लिहायचे अहवाल. महिन्याचे जादा काम १४० तासांवर गेले. मे महिन्यात तिने आपल्या वहीत लिहिले, की अंग दुखते, मन खचते, हालचाल भरभर होत नाही, कोणीतरी मला वाचवा. १२ जून २००८ रोजी, नोकरीला जेमतेम दोन महिने झाले असताना, तिने आपले आयुष्य संपवले.

पुढची चार वर्षे आई-वडिलांनी झगडून काढली. हा मृत्यू कामामुळे झाला हे मान्य व्हावे म्हणून त्यांनी केलेला अर्ज स्थानिक श्रम कार्यालयाने आधी फेटाळला. अपिलानंतर फेब्रुवारी २०१२ मध्ये तो मान्य झाला. कामामुळे मृत्यू ठरवण्याची पद्धत जपानमध्ये बऱ्यापैकी आखीव आहे. मेंदू किंवा हृदयाच्या विकाराने मृत्यू झाला असेल, तर आधीच्या एका महिन्यात १०० तास किंवा दोन ते सहा महिन्यांच्या सरासरीने ८० तास जादा काम झाले आहे का, हे पाहिले जाते. बोली भाषेत याला ‘कारोशीची रेषा’ म्हणतात. कारोशी म्हणजे अतिश्रमाने येणारा मृत्यू. मानसिक आजारासाठी निकष वेगळे आहेत, पण मोजमाप तासांचेच. म्हणूनच मेलेल्या माणसाचे तास सिद्ध करणे हे जपानमधील अशा कुटुंबांचे पहिले आणि सर्वांत अवघड काम होऊन बसते. हजेरीपट कंपनीकडे असतो. कुटुंबाकडे उरतात वह्या, फोनवरचे संदेश, रेल्वेच्या पासावरील नोंदी.

अपिलाचा निर्णय आल्यावर वातानाबे यांनी ट्विटरवर लिहिले, की हा निर्णय अत्यंत खेदजनक आहे आणि श्रमव्यवस्थापनात आपण कमी पडलो असे आपल्याला वाटत नाही. या काही ओळींनी त्यांची वीस वर्षांची प्रतिमा ढासळली म्हटले तरी चालेल. माझ्या मते ते खोटे बोलत नव्हते, आणि इथेच खरी अडचण आहे. ‘पृथ्वीवर सर्वांत अधिक धन्यवाद गोळा करणारा समूह होऊ या’ हे त्यांच्या कंपनीचे ब्रीद होते. प्रत्येक कर्मचाऱ्याला संस्थापकाच्या विचारांची पुस्तिका दिली जाई आणि ती आत्मसात करणे अपेक्षित असे. ‘वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे २४ तास, मरेपर्यंत काम करा’ हे वाक्य त्या पुस्तिकेत होते. २०१३ मध्ये एका साप्ताहिकाने ते छापले तेव्हा देशभर खळबळ उडाली आणि नंतर ते शब्द बदलण्यात आले. काम आणि जगणे यांत भेद नाही, काम हीच माणसाच्या वाढीची वाट, अशी धारणा असलेल्या माणसाला सुटीच्या दिवशीचा प्रशिक्षणवर्ग ओझे वाटत नाही. त्याला तो कर्मचाऱ्याला दिलेली भेट वाटतो. ज्याने स्वतः मालवाहू गाडीवर वर्ष काढून ३० लाख येन उभे केले, त्याला कष्टातून कंपनी मिळाली होती. योकोसुकातल्या नव्या मुलीला त्याच कष्टातून काय मिळणार होते, हा प्रश्न त्या पुस्तिकेत येत नाही. घामाचे मोल येनमध्ये न मोजता धन्यवादांत मोजायचे ठरले, की हजेरीपट ही क्षुद्र बाब वाटू लागते.

याच सुमारास ‘बुराक्कु किग्यो’, म्हणजे ‘काळी कंपनी’, हा शब्द जपानमध्ये घरोघरी पोहोचला. एके काळी तो गुन्हेगारी टोळ्यांशी लागेबांधे असलेल्या कंपन्यांसाठी वापरला जाई; संगणक क्षेत्रातील पिचलेल्या तरुणांनी इंटरनेटवर त्याला नवा अर्थ दिला, की तरुणांना घाऊक भावाने भरती करून, वापरून, टाकून देणारी कंपनी. २०१३ मध्ये कामगार चळवळीतील कार्यकर्ते, वकील आणि अभ्यासकांनी चालवलेल्या ‘काळी कंपनी पुरस्कारा’त पहिला मान वातामीला देण्यात आला, जनतेचा कौलही तिलाच मिळाला. एक कंपनी साऱ्या दुखण्याचे नाव होऊन बसली, हे थोडे अन्यायाचेही होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये श्रम मंत्रालयाने संशयित अशा ५,१११ आस्थापनांची तपासणी केली, तेव्हा ८२ टक्के ठिकाणी कायद्याचा कुठला ना कुठला भंग आढळला.

या वादळात वातानाबे राजकारणात उतरले. खरे तर ही दुसरी खेप होती. एप्रिल २०११ मध्ये त्यांनी टोकियोच्या राज्यपालपदाची निवडणूक लढवली होती आणि १० लाखांहून अधिक मते घेऊन ते शिंतारो इशिहारा व हिदेओ हिगाशिकोकुबारू यांच्यानंतर तिसरे आले होते. जुलै २०१३ मध्ये सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना सांगीइनच्या निवडणुकीत उभे केले. मृत मुलीच्या आई-वडिलांनी पक्षाच्या मुख्यालयात जाऊन उमेदवारी मागे घेण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. या निवडणुकीचा एक भाग प्रमाणशीर पद्धतीचा असतो. मतदार मतपत्रिकेवर पक्षाचे नाव लिहू शकतो किंवा त्याच्या यादीतील एखाद्या उमेदवाराचे. दोन्ही मते पक्षाच्या खात्यात जमा होतात आणि पक्षाला मिळालेल्या जागा तेव्हा उमेदवारांच्या वैयक्तिक मतांच्या क्रमाने वाटल्या जात. पक्षाची लाट असेल तर थोड्या वैयक्तिक मतांवरही जागा मिळते. वातानाबे यांना अख्ख्या देशातून १ लाख ४ हजारांच्या आसपास मते पडली आणि ते निवडून आले. दोन निवडणुकांची पद्धत भिन्न असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, तरीही एका शहरातील १० लाख आणि दोन वर्षांनी देशभरातील १ लाख यांतले अंतर नजरेआड करण्याजोगे नाही.

कंपनीचे मात्र दिवस फिरले. जानेवारी २०१४ मध्ये वातामीनेच नेमलेल्या बाहेरील तज्ज्ञांच्या समितीने दीर्घ तासांचे काम ही कंपनीतली जुनी आणि सार्वत्रिक बाब असल्याचे नमूद केले. मार्चमध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांवरचा ताण कमी करण्यासाठी ६० दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. तासावर काम करणारी मुले आता ‘काळ्या’ कंपनीकडे फिरकेनात. ज्या स्वस्त हातांवर सारा डोलारा उभा होता तेच मिळेनासे झाले. मार्च २०१५ ला संपलेल्या वर्षात सुमारे १२८० कोटी येनचा तोटा झाला. शुश्रूषागृहांचा व्यवसाय २०१५ मध्येच एका विमा समूहाला २१०० कोटी येनला विकावा लागला. पुढच्या काळात अनेक दुकानांवरून ‘वातामी’ ही पाटी उतरली आणि ‘मिराइझाका’, ‘तोरीमेरो’ अशी नवी नावे चढली. २०१६ मध्ये कंपनीत पहिल्यांदा कामगार संघटना आली. कायद्याने जे साठ-सत्तर वर्षांत जमले नव्हते, ते बदनामीने दोन-तीन वर्षांत करून दाखवले.

संसदेत या काळात श्रमकायद्यांत दोन मोठे बदल झाले आणि दोन्ही वेळी वातानाबे सभागृहाचे सदस्य होते. पहिला जून २०१४ चा : अतिश्रमाने होणारे मृत्यू रोखणे ही सरकारची जबाबदारी आहे असे सांगणारा कायदा, ज्यासाठी मृतांच्या कुटुंबीयांनी वर्षानुवर्षे सह्या गोळा केल्या होत्या. तो दिशा देणारा कायदा होता. त्यात मालकाला शिक्षा नव्हती. शिक्षेचा कायदा आला तो २०१८ मध्ये, ‘कामाच्या पद्धतीतील सुधारणा’ या नावाने. त्या विषयावर मार्च २०१८ मध्ये सांगीइनच्या अर्थसंकल्प समितीपुढे अतिश्रमाने पती गमावलेल्या एक बाई साक्ष द्यायला आल्या होत्या. त्यांना प्रश्न विचारताना वातानाबे म्हणाले, की तुमचे बोलणे ऐकले की आठवड्याचे सातही दिवस सुटी असणे हेच माणसाचे सुख आहे की काय असे वाटू लागते. काही दिवसांत त्यांना माफी मागावी लागली. तडजोडीवर सही करून सव्वादोन वर्षे झाली होती. तडजोडीने कंपनीचे हजेरीपट बदलले असतील. संस्थापकाच्या मनातले काम आणि सुटी यांचे गणित जिथल्या तिथेच होते.

२०१८ चा कायदा मोठ्या कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून आणि छोट्यांना त्यानंतर वर्षभराने लागू झाला. आता महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास ही जादा कामाची साधारण मर्यादा कायद्यातच आली आहे. विशेष कलम वापरले तरी वर्षाला ७२० तास, सुटीतील काम धरून कोणत्याही एका महिन्यात १०० तासांच्या आत आणि दोन ते सहा महिन्यांची सरासरी ८० तास, यापुढे जाता येत नाही. भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड आहे. टीकाकारांनी तेव्हाच विचारले, की कारोशीची रेषा हीच कायद्याची कमाल मर्यादा कशी काय ठरू शकते. प्रश्न रास्त आहे. तरीही जिथे वरची मर्यादाच नव्हती तिथे ती आली, एवढे श्रेय द्यावे लागते.

२०१९ मध्ये मुदत संपल्यावर वातानाबे पुन्हा उभे राहिले नाहीत. त्याच वर्षी ते वातामीच्या अध्यक्षपदी परतले. कंपनी आता बदलली आहे असे ते जाहीरपणे सांगू लागले. सप्टेंबर २०२० मध्ये गुन्मा प्रांतातील ताकासाकीच्या श्रम कार्यालयाने घरपोच जेवणाच्या विभागात जादा कामाचा मोबदला न दिल्याबद्दल वातामीला सुधारणेची नोटीस बजावली. तिथल्या एका केंद्राच्या प्रमुख असलेल्या कर्मचारी बाईंनी कामगार संघटनेकडे धाव घेतली होती. संघटनेने मांडलेल्या हिशेबानुसार त्यांचे एका महिन्याचे जादा काम १७५ तासांवर गेले होते, आणि वरिष्ठांनी हजेरीच्या नोंदी बदलून ते कमी दाखवले होते.